नऊ नंबरची अर्पिता

टेंभुर्णी, ता. जाफराबाद
१८ नोव्हेंबर २०२५

अर्पिता, आशीर्वाद.

तू फोन करती तव्हा तुही माय बोलती आन् मी नुसते तिचे ओठ हालताना बघतो. वीस वर्षं मळणीयंत्रावर काढली, कान त्याच्यातच गेले. म्हणून लिहून राह्यलो. अक्षर लागलं न्हाई तर मैत्रिणीकडून वाचून घे.

पेपरात तुहं नाव आलं. एकदा न्हाई, तीनदा. रामप्रसादच्या किराणा दुकानात पेपर येतो. त्यानं मला हात धरून आत नेलं आन् ओळीवर बोट ठेवलं. 'अर्पिता कडूबा फदाट, चार गोल.' अंबडच्या टीमवर चार. त्याच्या आधी बदनापूरवर दोन, परतूरवर एक. सात झाले. मागच्या साली तुमचा क्लब सगळ्यात खाली व्हता, तूच मायला सांगितल्तं. औंदा तीनपैकी तीन मॅच जिंकल्या. पेपरवाला म्हनतो, जालन्याच्या पोरींनी जिल्ह्याला तोंडात बोट घालायला लावलं.

मी तो पेपर घेऊन भागवतच्या घरी गेल्तो. माहा सख्खा चुलतभाऊ, पन तुह्या अर्ध्या चड्डीवरून त्यानं भर लग्नात माहं नाक कापलं व्हतं. म्हनला व्हता, कडूबानं पोरगी उघडी सोडली. मी पेपर त्याच्या पुढ्यात टाकला. म्हनलं, वाच. मोठ्यानं वाच, मला ऐकू येत न्हाई तरी वाच. त्याच्या सुनंनं वाचला. तो खाली बघत बसला. सहा वर्षांचा राग व्हता, त्या दिवशी बाहेर निघाला.

मंग शाळेच्या बाईंनी बोलावलं. मी पोरींपुढं भाषण केलं. काय बोललो मलाच ऐकू आलं न्हाई, पन पोरींनी टाळ्या वाजवल्या ते दिसलं. आता नऊ पोरी बाजारतळावर फुटबॉल खेळून राह्यल्या. त्यांच्या बापांनी माह्याकडं बघून परवानगी देली. चौकात तुह्या नावाचं बॅनर लागलं हाय.

एक समजलं न्हाई. तू तर बॅक खेळती म्हनत व्हती. बॅक म्हणजे मागं. मंग गोल कसे मारती?

येत्या रविवारी मी मॅच बघायला येतो.

तुहा अण्णा

*

जुना जालना
२१ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णा,

पत्र मिळालं. अक्षर लागलं.

या रविवारी येऊ नका. मॅच शहागडला आहे, तिथं मैदानापाशी उभं राहायलासुद्धा जागा नाही, आणि ट्रकांच्या गर्दीत तुम्हाला एकट्याला उतरून चालत यावं लागेल. त्याच्या पुढच्या रविवारीही नको. माझी परीक्षा जवळ आली आहे, तुमच्याकडं लक्ष देता येणार नाही.

चौकातलं बॅनर काढायला सांगा. मी कोणाला लावायला सांगितलं नव्हतं. भागवतकाकांशीही आता भांडू नका.

गोल सगळ्या टीमचे असतात.

आईला सांगा, तब्येत बरी आहे.

अर्पिता

*

टेंभुर्णी
२७ नोव्हेंबर २०२५

अर्पिता,

तुहं पत्र वाचून डोकं फिरलं. बापानं दोन पानं लिहिली आन् तू सात-आठ ओळीत उडवून लावलं. वर म्हनती बॅनर काढा. परवा सरपंचानं मला सगळ्या गावापुढं शाल देली. पन्नास वर्षांत मला कोणी खुर्चीवर बसवलं न्हाई, त्या दिवशी मधल्या खुर्चीवर बसवलं. ते तुह्यामुळं. आन् तू असं लिहिती जसं मी चोरी केली.

शहागडची मॅच पन तुम्ही जिंकल्या. त्यात तुहे दोन गोल हायेत. मी पेपरात वाचतो, तू सांगत न्हाईस. चार मॅच, चार जीत. एवढं चांगलं चाललं असताना माणूस बापाला का टाळतो?

मी आडाणी असन, पन बिलकुल येडा न्हाई. तिथं कोणाशी लग्नाचं ठरवून बसली असशील तर तोंडानं सांग. मी मारणार न्हाई, पन लपवलेलं मला चालत न्हाई. तुही माय म्हनती पोरीला तरास देऊ नका. मी म्हनतो, तरास मला होऊन राह्यला.

तीस तारखेला मॅच जालन्यातच हाय, रामप्रसादनं मोबाइलवर बघून सांगितलं. मी पहिल्या गाडीनं निघतो. तुला इचारत न्हाई, सांगून राह्यलो.

अण्णा

*

टेंभुर्णी
१ डिसेंबर २०२५

अर्पिता,

काल तू मला बघितलं आन् मी तुला बघितलं. तरी लिहितो, कारण तिथं तुह्याशी न बोलताच निघून आलो.

मी साडेनऊला मैदानावर आलो. दोरीपाशी उभा राह्यलो. नव्या जर्सी घालून तुमच्या पोरी आल्या, पाठीवर नावं छापलेली. नऊ नंबरच्या पाठीवर 'अर्पिता' लिहिलेलं व्हतं. माहं ऊर भरून आलं. मंग ती पळाली.

तू बारा वर्षांची असल्यापासून माह्या पुढं शेताच्या बांधावरून चालत आलेली हायेस. तुहा डावा पाय जरासा आत पडतो. त्या पोरीचा पडत न्हाई. मी म्हनलं, चष्म्याचा दोष असन. जवळ गेलो. तिनं गोल मारला, तोंड फिरवलं, आन् ते तोंड माह्या पोरीचं नव्हतं. लोक नाचून राह्यले. बाजूच्या माणसाला मी इचारलं, ही कोण. तो काय म्हनला ऐकू आलं न्हाई. त्यानं माह्या हातातला जुना पेपर घेतला आन् तुह्या नावावर बोट ठेवलं. मी म्हनलं, हिचा बाप मी हाय, ही ती न्हाई. तो हसला. त्याला वाटलं म्हातारं चळलं.

मंग तू दिसलीस. पायऱ्यांवर, तोंडाला स्कार्फ बांधून, पार कोपऱ्यात. डोळे बघून वळखलं. तू मान खाली घातली.

मी धपाटे आणले व्हते ते गेटवरच्या माणसापाशी ठेवून निघून आलो. मिळाले का न्हाई माहीत न्हाई, इचारत पन न्हाई.

नऊ पोरींच्या बापांना मी तुह्या नावाची शपथ घालून आलोय. भागवतच्या तोंडावर मी पेपर मारून आलोय. तुहं नाव मी ठेवलं. तुह्या मायला दुसरं ठेवायचं व्हतं, मी भांडून हे ठेवलं. ते दुसऱ्याच्या पाठीवर कसं गेलं, ते मला लिही. खोटं लिहायचं असन तर टपालखात्याला तरास देऊ नको.

कडूबा

*

जुना जालना
५ डिसेंबर २०२५

अण्णा,

खरंच लिहिते. सगळं वाचा, अर्ध्यात ठेवू नका.

तिचं नाव प्रीती. बुलढाणा जिल्ह्यातली. ऑगस्टमध्ये आमचे कोच अवधूत सर तिला घेऊन आले. तिच्यासारखी खेळणारी मी पाहिली नाही. पण आपल्या लीगमध्ये जिल्ह्याबाहेरची मुलगी चालत नाही. तिचा फॉर्म परत आला. तेव्हा सरांनी मला ऑफिसात बोलावलं. म्हणाले, "अर्पिता, तुझं खेळाडूचं कार्ड तिला दे. बॅक कुठंही मिळते, गोल करणारी मिळत नाही. क्लब वर आला तर सगळ्या वर येतील. सर्टिफिकेट तुझ्याच नावाचं निघेल, पोलीस भरतीत खेळाडू म्हणून जागा धर." कार्डावरचा फोटो जुना आहे, केस सारखे आहेत, कोणी नीट बघत नाही.

मला कोणी दमदाटी केली नाही. मी विचार करायला एक दिवस मागितला आणि दुसऱ्या दिवशी कार्ड नेऊन दिलं. लग्नाबिग्नाचं काही नाही. एवढंच आहे.

तुम्ही मला चोर म्हणायला मोकळे आहात. पण आता माझं ऐका.

सहा वर्षं मी बॅक खेळले. माझ्या नावानं, माझ्या पायांनी. तीन वर्षांपूर्वी अंबडची टीम चॅम्पियन होती. त्यांना आम्ही एकही गोल करू दिला नाही. दोन वेळा बॉल गोलच्या रेषेवर होता आणि मी तो डोक्यानं बाहेर काढला. कपाळाला टाके पडले. मी तुम्हाला चार पानं लिहिली होती. तुमचं उत्तर माझ्याकडं अजून आहे. "तुरीला शेंगा बऱ्या लागल्या. तब्येतीला जप." फुटबॉलची एक ओळ नव्हती त्यात. दिवाळीला आले तेव्हा टाके बघून तुम्ही विचारलंसुद्धा नाही. आईनं विचारलं.

सहा वर्षांत तुम्ही एकदाही आला नाहीत. भागवतकाका त्या लग्नात बोलले तेव्हा तुम्ही मान खाली घालून जेवत होतात, मी समोरच्या पंगतीत होते. तेव्हा एक शब्द तुमच्या तोंडातून निघाला असता तर मला सात गोलांचं काही वाटलं नसतं. पेपरात गोल आले तेव्हा तुम्हाला मुलगी आठवली. तेव्हा दोन पानं आली.

ती दोन पानं माझी नव्हती, अण्णा. ती प्रीतीची होती. मी तिला वाचून दाखवली. तिच्या वडलांना ती खेळते हेच माहीत नाही, त्यांना ती नर्सिंगला आहे असं सांगितलंय. ती म्हणाली, "परत वाच." मी परत वाचली. मग मला इतका राग आला की मी खोलीबाहेर जाऊन बसले. तुमचा राग आला, तिचा आला, आणि कार्ड देऊन आले त्या माझ्या हाताचा आला.

धपाटे मिळाले. खाल्ले नाहीत, वाटून टाकले.

अर्पिता

*

टेंभुर्णी
९ डिसेंबर २०२५

अर्पिता,

तुहं पत्र दोनदा वाचलं. राग आला. खरं लिहिलं म्हणून जास्त आला.

मी न आल्याची कारणं लिहायला बसलो व्हतो. चार लोकांत गेलं की लोक बोलते, मला ऐकू येत न्हाई, मी येड्यावानी हसत उभा राहतो, त्याची लाज वाटती. हे खरं हाय. पन हे सगळं खरं न्हाई. खरं हे की मला वाटायचं, लग्नापर्यंत खेळन, मंग सुटन. सुटायचीच गोष्ट हाय तर तिच्यात कशाला जीव घालायचा. आन् त्या लग्नात मी गप राह्यलो कारण मनातून मला पन भागवतचं पटलं व्हतं. हे मी आजवर तुह्या मायला पन सांगितलं न्हाई.

गोल मला समजते. टाकला, झाला. बॅक काय करती ते मला समजत न्हाई. तुहं चार पानांचं पत्र तव्हा मला समजलंच नव्हतं. समजत न्हाई असं लिहायची पन लाज वाटली, म्हणून तुरीचं लिहिलं.

काल मी शाळेत गेल्तो. बाईंना म्हनलं, पोरींना आन् त्यांच्या बापांना बोलवा. त्यांच्यापुढं उभा राह्यलो आन् सांगितलं की ते गोल माह्या पोरीचे न्हाईत. तिनं नाव दुसरीला देलं. मी खोटं भाषण केलं, मला माहीत नव्हतं, पन खोटं ते खोटं. भागवत मागं उभा व्हता. तो हसला का काय ते मी बघितलं न्हाई. पाच बाप तिथंच उठले आन् पोरींना घेऊन गेले. चार पोरी राह्यल्या. चतुराबाईची नात त्यांच्यात हाय. चतुराबाई पुढं आली आन् माह्या तोंडाकडं बघत, मला ओठ दिसावे म्हणून एकेक शब्द तोडून बोलली. "गोल कोणी का मारंना. माही नात बाजारतळावर पळती. ते तर खरं हाय ना?"

मी माहं सांगून मोकळा झालो. मी तुला हे कर, ते कर म्हनणार न्हाई. चोर म्हनणं माह्या तोंडात आल्तं, ते गिळलं. पन ते नाव अजून दुसरीच्या पाठीवर हाय, आन् मला झोप न्हाई.

अण्णा

*

जुना जालना
२० डिसेंबर २०२५

अण्णा,

अकरा तारखेला मी जिल्हा संघटनेच्या ऑफिसात जाऊन लेखी दिलं. सतराला सुनावणी झाली. पाचही विजय रद्द. पंधरा गुण होते, शून्य झाले. सर या सीझनपुरते बाहेर. प्रीतीला लीगमधून काढलं. मी स्वतः आले म्हणून मला फक्त दोन मॅचची बंदी.

लेखी द्यायच्या आधी मी सरांना जाऊन सांगितलं, पाठीमागून करायचं नव्हतं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "दहा वर्षं हा क्लब शेवटी आहे. दहा वर्षं मी मुली गोळा करतो, त्या लग्न होऊन जातात. एकदा वर आलो होतो. तू एका कागदावर संपवलंस." मी म्हणाले, "सर, तुम्ही मला म्हणाला होता बॅक कुठंही मिळते." ते म्हणाले, "म्हणालो असेन." त्यांना आठवतसुद्धा नव्हतं. ते सहा वर्षं माझे सर होते, अण्णा.

पण सगळ्यात जास्त लागलं ते जान्हवीचं. ती आमची कॅप्टन. सुनावणीनंतर सगळ्या मुलींसमोर म्हणाली, "खरं बोलायचं होतं तर पहिल्या मॅचच्या आधी बोलायचं. पाच मॅच मी मधे पळाले, माझी नखं निघाली, ते काय खोटं होतं? तुझं मन हलकं झालं, आमचे पंधरा गुण गेले." प्रीतीला पाचही मॅचला तीच पास देत होती. जान्हवीला कार्डाचं माहीत होतं, सगळ्यांनाच होतं, पण कार्ड माझं होतं. त्या दिवसापासून कोणी माझ्याशी बोलत नाही. सरावाला जाते, कडेनं पळते, परत येते.

प्रीतीला मी बसस्टँडवर सोडायला गेले. तिला नको होतं, तरी गेले. गाडीत बसल्यावर तिनं काच सरकवली. म्हणाली, "तू तुझं नाव परत घेतलंस, चांगलं केलंस. माझं तर कुठं लिहिलंच नव्हतं. बारा गोल मारले मी जालन्यात. उद्या कोणाला सांगितलं तर म्हणतील, दाखव." मग गाडी निघाली.

मी तिथून परत संघटनेच्या ऑफिसात गेले. पाच मॅचचे बारा गोल, कोणत्या मॅचला किती, असं लिहून खाली प्रीतीचं पूर्ण नाव, गाव लिहिलं, सही केली. क्लार्क म्हणाला, "आता मॅचच रद्द झाल्या, याचा काही उपयोग नाही." मी म्हणाले, उपयोग नसू द्या, फाइलला लावा. तो हसायला लागला. मी टेबलावरून हलले नाही. अर्ध्या तासानं त्यानं टाचणी मारली आणि माझ्या प्रतीवर शिक्का दिला. ती शिक्क्याची प्रत मी प्रीतीला रजिस्टर पोस्टानं पाठवली. तिच्या बुलढाण्यातल्या होस्टेलच्या पत्त्यावर, घरी नाही.

तुमची चार पोरी राहिल्याची ओळ वाचली. चतुराबाईंना माझा नमस्कार सांगा.

आपल्या दोघांत जे झालं ते मिटलं असं मी लिहिणार नाही. तुम्ही त्या पंगतीत गप बसला होतात, ते मी अजून विसरलेले नाही. पण तुम्ही कबूल केलंत. दुसऱ्या कोणी अजून केलं नाही.

अकरा जानेवारीला अंबडबरोबर मॅच आहे. मला घेतील का माहीत नाही. घेतलं तर चार नंबर.

अर्पिता

*

जुना जालना
१२ जानेवारी २०२६

ती. अण्णा,

काल गाडीची वेळ झाली म्हणून तुम्ही पळालात, बोलणं झालंच नाही. म्हणून लिहिते.

एक तर आपण हरलो. एक-शून्य. तो गोल माझ्या बाजूनं झाला, तुम्ही बघितलाच. आम्ही शेवटून पहिल्या आहोत आणि बहुतेक तिथंच राहू.

दुसरं, तुम्हाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून कोणीतरी सांगायला पाहिजे. तुम्ही दोरीपाशी उभे राहून जे ओरडत होता, ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या रसवंतीपर्यंत जात होतं. "अर्पिता, मागं. मागं राह्य. मागं ये." पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत. रेफ्रीनं दोनदा तुमच्याकडं बघितलं. तुम्ही त्यालाही "मागं हो" म्हणालात.

बॅक म्हणजे मागं, एवढंच तुम्हाला माहीत, ते मला कळतं. पण काल आम्ही सगळ्या बॅक ठरवून एका वेळी पुढं सरकत होतो. बॅक पुढं गेल्या की समोरची मुलगी एकटी पाठीमागं सापडते आणि तिला मिळालेला बॉल नियमात बसत नाही. सगळ्यांनी एकदम पुढं जायचं, हीच त्यातली गोम. एक जरी मागं राहिली तरी फसतं. सत्तराव्या मिनिटाला सगळ्या पुढं गेल्या, तुम्ही ओरडलात, आणि माझा पाय अडला. मी मागं राहिले. अंबडच्या मुलीला रस्ता मिळाला.

मॅच संपल्यावर जान्हवी माझ्यापाशी आली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. तिचे डोळे लाल झाले होते. म्हणाली, "ते ओरडणारे कोण?"

मी म्हणाले, माझे वडील.

मग तिनं मला जे झापलं ते मी इथं लिहू शकत नाही. बावळट म्हणाली, मैदानावर बापाचं ऐकतेस का कॅप्टनचं म्हणाली, एवढी सहा वर्षं खेळून पाय कसा अडतो म्हणाली. पाणी पिता पिता, बूट काढता काढता, गेटपर्यंत झापत आली. कार्डाचा एक शब्द काढला नाही, पंधरा गुणांचाही नाही. सगळं त्या एका गोलाचं. गेटवर थांबून म्हणाली, "उद्या साडेपाचला ये. तुझ्याकडून ते पुढं जाणं शंभर वेळा करून घेते." आज गेले होते. शंभर वेळा करून घेतलं. पाय उचलत नाहीत, म्हणून हे बसून लिहिते आहे.

सोबतच्या कागदावर मैदान काढलंय. चार फुल्या म्हणजे आम्ही चार बॅक, डावीकडून दुसरी फुली मी. बाण दाखवलेत तसं पुढं जायचं असतं. नीट बघा, चतुराबाईंच्या नातीलाही दाखवा. पंचवीस तारखेला परतूरबरोबर मॅच आहे. या. फुल्या पुढं सरकायला लागल्या की तोंड बंद ठेवा.

अर्पिता